धावणारा कुत्रा घरात रुळतो का?

बरगड्या मोजता येतील असा कुत्रा दिसला की लोकांचा शेरा ठरलेला असतो: "मालक खायला घालत नाही वाटतं." ग्रेहाउंड असो, कारवान असो की पश्मी, लांब तोंडाच्या आणि आत ओढलेल्या पोटाच्या या कुत्र्यांच्या वाट्याला तो हमखास येतो. मग कोणी दयेपोटी पोळी, भात, उरलंसुरलं मटण वाढत राहतं आणि वाढलेलं वजन त्या बारीक पायांना पेलेनासं होतं. खरं तर या जातींच्या अंगावर चरबी मुळातच कमी असते. शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं जराशी दिसणं ही त्यांची धडधाकट अवस्था आहे. पाठीचा कणा वर आला, मांड्या उतरल्या, तर मात्र जंत, गोचिडांमुळे येणारा ताप किंवा खरीखुरी उपासमार, यांची तपासणी करायलाच हवी.

नजरेने सावज हेरायचं आणि वेगाने गाठायचं, हा या कुत्र्यांचा पिढीजात धंदा. महाराष्ट्राला ते परके नाहीत. दख्खनच्या पठारावर कारवान कुत्रा जुना आहे. घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानात त्याची जोपासना झाली, म्हणून तो मुधोळ हाउंड या नावानेही ओळखला जातो. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. पुढे लष्करानेही त्याला मेरठच्या केंद्रात प्रशिक्षण दिलं.

शर्यतींच्या बाबतीत एक गोष्ट सर्रास गृहीत धरली जाते. बैलगाडा शर्यत कायदेशीर झाली म्हणजे जत्रेतली कुत्र्यांची शर्यतही झाली, असा समज आहे. तो चुकीचा आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये केलेली कायदादुरुस्ती बैलांपुरती आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरवली ती हीच. कुत्र्यांना तिचं संरक्षण नाही. शेताच्या बांधावर ससा उठवून त्यामागे कुत्रा सोडणं ही तर सरळ शिकार आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती गुन्हा ठरते.

धाव मंदावलेल्या कुत्र्याचं पुढे काय करायचं, याची उत्तरं परदेशात शोधली गेली, कारण तिथे शर्यती धंदा म्हणून चालतात आणि निवृत्त कुत्र्यांचा प्रश्न डोळ्यांआड करता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९९६ पासून ग्रेहाउंड दत्तक योजना चालते. मकावमधलं कॅनिड्रोम हे शर्यतीचं मैदान २०१८ मध्ये बंद पडलं, तेव्हा ५०० हून अधिक ग्रेहाउंड मागे उरले. प्राणिप्रेमी संस्थांनी त्यांना देशोदेशी घरं मिळवून दिली. साधारण तीन ते पाच वर्षांचा झाला की शर्यतीचा कुत्रा निवृत्त होतो आणि त्याचं आयुष्य सहसा दहा ते चौदा वर्षांचं असतं. म्हणजे निम्म्याहून जास्त आयुष्य अजून पुढे असतं. म्हातारा कुत्रा पदरात पडेल, ही भीती म्हणूनच निराधार आहे.

"याला पळायला पाच एकर रान लागेल, फ्लॅटमध्ये वेडा होईल" हा त्याहून मोठा गैरसमज. ग्रेहाउंड ताशी ६५-७० किलोमीटरचा वेग गाठतो हे खरं, पण साधारण ५०० मीटरची शर्यत अर्ध्या मिनिटात संपते. दम टिकवून दिवसभर पळणारा हा प्राणीच नव्हे. दिवसातून दोन वेळा नीट फिरवलं की बाकीचा वेळ तो गादीवर लोळून काढतो. अहिल्यानगरच्या सावेडीतल्या दोन खोल्यांच्या घरात तो मजेत राहील. मेंढरांमागे दिवसभर चालणारं धनगराचं कुत्रं मात्र तिथे कोंडून घातल्यासारखं होईल.

अडचण येते ती वेगळ्याच जागी, आणि तात्पुरत्या घराची, म्हणजे लोक ज्याला फॉस्टर म्हणतात त्याची, गरज तिथेच पडते. शर्यतीचा कुत्रा पिंजऱ्यांच्या रांगेत, इतर कुत्र्यांच्या सोबतीने वाढलेला असतो. त्याने जिना चढलेला नसतो. काचेचं दार म्हणजे मोकळी वाट असं समजून तो थेट धडकतो, म्हणून पहिले काही दिवस काचेवर कागदाच्या पट्ट्या चिकटवाव्या लागतात. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकतात आणि तो जागीच थिजतो. अशा वेळी ओढून न्यायचं नाही. दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत जुन्या सतरंज्या अंथरायच्या आणि त्याला त्याच्या गतीने येऊ द्यायचं. कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरची बेल यांची एकेक करून ओळख करून द्यावी लागते. सर्वांत अवघड धडा एकटं राहण्याचा. आधी दोन मिनिटं, मग पाच, मग पंधरा, असं वाढवत नेलं नाही तर हा शांत कुत्रा दार ओरबाडून नखं रक्ताळून घेतो.

झोपेतल्या कुत्र्याला हात लावला म्हणून तो गुरगुरला की "शेवटी शिकारीच जात" असं म्हणून त्याला परत पाठवलं जातं. यात त्या कुत्र्यावर अन्याय होतो. पिंजऱ्यात त्याच्या झोपेत कधी कोणी आलेलंच नसतं. तो दचकतो, इतकंच. आधी नावाने हाक मारायची, त्याने डोळे उघडले की मगच जवळ जायचं. घरातल्या मुलांना हे पहिल्याच दिवशी शिकवावं लागतं.

तोंडावरच्या जाळीमुळेही असाच गैरसमज होतो. शर्यतीत कुत्री एकमेकांना चावू नयेत म्हणून जाळी लावतात, माणसांना चावतात म्हणून नव्हे. व्हिक्टोरियात पाळीव ग्रेहाउंडला बाहेर जाळी बांधण्याची सक्ती १ जानेवारी २०१९ पासून उठवली गेली. साखळीची सक्ती मात्र कायम राहिली, आणि त्यामागे चोख कारण आहे.

खरा धोका पाठलागाचा आहे. माणसांशी मऊ वागणारा हा कुत्रा पळणारी कोंबडी, मांजर किंवा करडू पाहताच क्षणात बदलू शकतो, आणि एकदा सुटला की हाका त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाहीत. सगळेच असे नसतात; काही मांजरांसोबत सुखाने राहतात. कोण कसा आहे हे फॉस्टर घरात, साखळी हातात ठेवून, लांबून तपासायचं असतं. अहिल्यानगर जिल्ह्यात अंगणोअंगणी कोंबड्या आणि शेळ्या आहेत, त्यामुळे ही तपासणी टाळून चालणार नाही. कर्जत तालुक्यात तर रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. तिथली काळविटं आसपासच्या शेतांतही चरतात. त्या भागात असा कुत्रा मोकळा सोडणं म्हणजे काळविटाच्या आणि स्वतःच्याही जिवाशी खेळणं. साधा पट्टाही भरवशाचा नाही, कारण या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं आणि पट्टा सहज निसटतो. ओढ बसली की बेताने आवळणारा, रुंद, दुहेरी कडीचा पट्टा घ्यावा.

दुसरा धोका याच जिल्ह्याचा, बिबट्याचा. "कुत्रा राखणीला अंगणात बांधू" हा बेत अकोले, संगमनेरच्या ऊसपट्ट्यात मुळीच करू नये. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा एकट्या पाळीव कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा वाटा त्याहून पुष्कळ कमी होता. अंगणात बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही. शिवाय ग्रेहाउंड अनोळखी माणसावर सहसा भुंकतही नाही, त्यामुळे राखणीची आशा फोलच. त्याची जागा घरात, दाराच्या आत. चरबी नसल्याने डिसेंबरातल्या नगरी थंडीत त्याला अंगावर गोधडी लागते आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी ऊन चढायच्या आत फिरून यावं लागतं.

काम संपलेल्या कुत्र्याला घरपण देण्याचं उदाहरण महाराष्ट्रात आहे, फक्त ते शर्यतीचं नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात काम केलेले मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर निवृत्तीनंतर विरारच्या एका फार्मवर राहिले. २०१६ मध्ये, काही महिन्यांच्या अंतराने, चौघेही गेले. शर्यतीच्या कुत्र्याचं कौतुक असं पोलिसांच्या कुत्र्याएवढं होत नाही, पण त्यालाही गरज तीच असते: ठरलेली वेळ, ओळखीचा माणूस आणि शक्य असेल तर सोबत.

कुत्रा नव्या घरी सोपवताना फॉस्टर घराने एक कागद लिहून द्यावा. तो किती वेळ एकटा राहतो, कशाला बिचकतो, कोंबडी-मांजर दिसल्यावर काय करतो, बसायला का नाखूश असतो (मांड्यांच्या भरदार स्नायूंमुळे अनेक ग्रेहाउंडना बसणं अवघड जातं) हे त्यात यावं. नसबंदी आणि रेबीज लसीच्या तारखाही याव्यात. आणि पशुवैद्यासाठी दोन ओळी वेगळ्या: ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा मुळातच जास्त असतं, ते पाहून शरीरातलं पाणी कमी झाल्याचं निदान लगेच करू नये, आणि थायोपेंटोनची भूल या कुत्र्यांच्या अंगातून फार सावकाश उतरते, म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी दुसरं औषध ठरवून घ्यावं.