पोटगीचा तक्ता

पोटगीचा अर्ज कुठे करायचा, हा मलकापुरात पहिला प्रश्न असतो. शाहूवाडी तालुक्यातली पुष्कळ माणसं पोटासाठी मुंबईला असतात. नवऱ्याने टाकलेली बाई लेकरासह माहेरी येते, नवरा तिकडेच राहतो. ती राहते तिथल्या दंडाधिकाऱ्यापुढे दाद मागण्याची मुभा १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दिली. म्हाताऱ्या आईबापांना मात्र मुलगा असेल तिथे जावं लागे. ती फरफट १ जुलै २०२४ला लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने थांबवली. पोटगीचं जुनं कलम १२५ त्यात १४४ झालं.

रकमेची कथा अधिक क्लेशाची आहे. महिना कमाल ५०० रुपये ही मर्यादा १९५५ची. महाराष्ट्राने ती १९९९ मध्ये दीड हजारावर नेली आणि २००१च्या केंद्रीय दुरुस्तीने ती पुरती गेली. अंतरिम पोटगीची सोयही त्याच दुरुस्तीतली.

सर्वांत मोलाचा बदल निकालातून आला. रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, आणि दोघांनीही मिळकतीचं शपथपत्र द्यावं. महिना ३,००० ठरले आणि निकालाला १४ महिने लागले, तर एवढ्या एका वाक्याने ४२,००० रुपये पदरात पडतात.

हुकूम झाला तरी पैसे येतातच असं नाही. मग वसुलीचा अर्ज, आणि त्यासोबत तक्ता: महिना, ठरलेली रक्कम, जमा, बाकी. जमेच्या रकान्यात ओळीने शून्य असतात. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून बाकी फिटत नाही. पण रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर तिच्यासाठी वॉरंट निघत नाही. आज ना उद्या देईल म्हणून बाई थांबते आणि तक्त्याच्या वरच्या ओळी एकेक करून गळत जातात. लेकराच्या घासाला अशी मुदत असणं अन्यायाचंच आहे.

तोवर आधार संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा. घटस्फोटित पण पोटगी न मिळणारी बाई तिला पात्र ठरते. अर्ज शाहूवाडीच्या तहसील कचेरीत. जुलै २०२३पासून महिना १,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपयांची आहे, आणि ती फारच तोकडी आहे. अनुदान आता आधार जोडलेल्या खात्यात थेट येतं. जोडणी सासरच्या गावातल्या खात्याला असेल, तर पैसे तिकडेच जमा होतात आणि पासबुक सासरच्या कपाटात असतं. त्यामुळे आधी बँकेत जाऊन जोडणी बदलून घ्यावी लागते.