जुन्या मोटारी आणि मोडीचा कायदा

"जुनें तें सोनें" अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु भंगारवाल्याच्या काट्यावर जुन्या मोटारीचें मोल लोखंडाच्या भावानेंच ठरतें. आजोबांनीं हौसेनें जपलेली गाडी सोनें मानावी कीं लोखंड, हा प्रश्न अलीकडच्या कायद्यांमुळें पुष्कळ घरांपुढें उभा राहिला आहे. म्हणून या कायद्यांचें स्वरूप थोडक्यांत समजून घेऊं.

प्रथम कायद्याची बाजू पाहूं. झिजलेल्या इंजिनांत इंधनाचें ज्वलन अपुरें होतें, व त्यांतून निघणारा विषारी वायु आणि काजळी हीं श्वासावाटे आपल्या फुप्फुसांत जातात. झिजलेले ब्रेक तर वाटसरूच्या जिवावरच बेततात. हे धोके टाळण्यासाठीं भारत सरकारनें १३ ऑगस्ट २०२१ रोजीं जुनीं वाहनें मोडींत काढण्याची योजना सुरू केली. खाजगी मोटारीच्या बाबतींत ही योजना ऐच्छिक आहे, हें अनेकांस ठाऊक नसतें. नोंदणीस १५ वर्षें झालीं म्हणजे गाडीची तपासणी होते. ती योग्य ठरल्यास नोंदणी पांच वर्षांपुरती वाढवून मिळते, आणि पुढेंहि हाच क्रम चालतो. मालकानें आपखुषीनें गाडी अधिकृत केंद्रांत मोडावयास दिली, तर नव्या गाडीच्या करांत शेंकडा २५ पर्यंत सवलत मिळूं शकते.

आतां हौशी लोकांकडे वळूं. जुलै २०२१ मध्यें सरकारनें अतिशय जुन्या वाहनांसाठीं निराळे नियम केले. ज्या मोटारीच्या पहिल्या नोंदणीस ५० वर्षें झालीं आहेत, व जिचा सांगाडा, बाह्यांग आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नाहीं, ती या नियमांनीं वारसा ठरते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क पडतें, व तिची मुदत १० वर्षें असते. अशा क्रमांकांत 'व्ही ए' हीं अक्षरें येतात. मात्र पूर्वीं नोंदलेल्या गाडीस आपला मूळ क्रमांक राखतां येतो. या नोंदणीची गाडी प्रदर्शन, संशोधन, रॅली, दुरुस्ती किंवा इंधन भरणें एवढ्याच कारणांसाठीं रस्त्यावर आणावयाची. नित्याच्या वापरास ती मोकळी नाहीं.

खरी अडचण आहे ती १५ आणि ५० या दोन आंकड्यांच्या मधल्या काळाची. समजा, एखाद्या कारकुनानें १९८५ सालीं काटकसर करून प्रीमियर पद्मिनी घेतली. तिला वारशाचा मान मिळावयास २०३५ साल उजाडलें पाहिजे. तोंपर्यंत तिनें दर पांच वर्षांनीं परीक्षेस बसावें, आणि मालकानें वाढतें शुल्क भरावें. हें शुल्क पूर्वीं ६०० रुपये होतें. १ एप्रिल २०२२ पासून तें ५,००० झालें, व ऑगस्ट २०२५ मध्यें वीस वर्षांवरील मोटारीसाठीं १०,००० ठरलें. दिल्लीच्या परिसरांत तर प्रदूषणामुळें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें १५ वर्षांवरील पेट्रोलच्या व १० वर्षांवरील डिझेलच्या गाड्यांस बंदी केली. २०२५ मध्यें ती कांहीं अंशीं सैल झाली. संस्थानिकाच्या वाड्यांतील १९३० ची गाडी सुरक्षित, आणि मध्यमवर्गीयाची गाडी मात्र अधांतरीं, असा हा प्रकार आहे.

सामान्य वस्तु किती चटकन नाहींशी होते, याचें उदाहरण मुंबईनें नुकतेंच पाहिलें. सोलापूरचे सुपुत्र शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४४ मध्यें स्थापन झालेल्या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत पद्मिनी तयार होई. काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी म्हणजे मुंबईची ओळखच! शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं झाली होती. टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळें ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. हजारों होत्या तेव्हां त्यांतील एखादी जपावी असें फार थोड्यांस वाटलें.

अमेरिकेंत २००९ मध्यें अशीच एक योजना झाली. तींत घेतलेल्या मोटारीचें इंजिन पुन्हां चालूं नये म्हणून तेलाऐवजीं सोडियम सिलिकेटचें द्रावण ओतून तें बंद पडेपर्यंत चालवीत. सुमारें पावणेसात लाख गाड्या अशा गेल्या. जुनी मोटार आपल्या मोडलेल्या भावंडांच्या सुट्या भागांवरच जगत असते. त्यामुळें तेथील हौशी मंडळी हळहळली. परंतु २५ वर्षें पूर्ण झालेल्या मोटारींना त्या योजनेंत प्रवेशच नव्हता, हा विवेक लक्षांत घेण्याजोगा आहे.

आपल्याकडेहि मधल्या वयाच्या गाड्यांसाठीं एखादी पायरी असावयास काय हरकत आहे? वर्षांतून ठराविक दिवसच चालवीन, धुराची व ब्रेकची तपासणी वेळेवर करवीन, अशी हमी देणाऱ्यास शुल्कांत सूट द्यावी. त्यानें हवाहि बिघडणार नाहीं, आणि वारसाहि बुडणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरीं अशी गाडी असेल तर तिचीं कागदपत्रें नीट ठेवा, मूळचे भाग फेंकूं नका, आणि तिच्या धुरानें शेजाऱ्यास खोकला येणार नाहीं याची काळजी घ्या. जुन्या वस्तूवर प्रेम करणाऱ्यानेंच तिची निगाहि राखली पाहिजे. ज्याची निगा नाहीं, तें सोनें असलें तरी शेवटीं लोखंडाच्याच भावानें जातें.