वायफाय फुल, तरी हवामान उघडत नाही?

मंडळी, इच्छापोरला संध्याकाळी घरातले सगळे फोन, टीव्ही, कॅमेरा एकाच राउटरवर असतात. वायफाय फुल दिसतं, चालू व्हिडिओ चालतो, पण इन्कॉइसचा समुद्राचा अंदाज काही उघडत नाही. असं का होतं?

प्रत्येक ॲप एका वेळी बरीच कनेक्शन उघडतं. राउटरची फायरवॉल त्या सगळ्यांची नोंद ठेवते. नोंदीची मर्यादा संपली की जुनी कनेक्शन चालतात, नवीन अडतात. जेटी भरली की नवी बोट बाहेरच थांबते, तसंच.

काय करायचं?

१. राउटर १ मिनिट बंद ठेवून चालू करा. लगेच चाललं आणि काही तासांनी परत अडलं, तर संशय याच मर्यादेवर.
२. टॉरेंट बंद करा, ते शेकडो कनेक्शन उघडतं. मग एकेक उपकरण काढून बघा.
३. राउटरच्या स्टिकरवरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१) ब्राउझरमध्ये टाका. सेटिंगमध्ये सेशन किंवा कनेक्शन लिमिट असेल तर थोडी वाढवा. फायरवॉल मात्र बंद करू नका.

बोट सोडायची वेळ झाली असेल तर राउटरशी झटापट नको. वायफाय बंद करून मोबाईल डेटावर अंदाज बघा, मगच निघा.