हलणे मोजायचे कसे?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने हादरले. सुमारे १८० माणसे दगावली, धरणाच्या भिंतीलाही तडे गेले. जमीन हलली हे सगळ्यांनाच कळले. पण किती हलली? मोजायला फूटपट्टी धरायची तरी कशाशी? झाड, घर, देऊळ, आपण स्वतः, सारेच जमिनीबरोबर हललेले!

तेव्हा जमिनीबरोबर लगेच न हलणारी वस्तू हवी. बैलगाडीला हिसका बसला की टांगलेला कंदील क्षणभर मागे राहतो ना, तशी. भूकंपमापकात स्प्रिंगवर टांगलेले वजन हेच काम करते. वजनाला तांब्याच्या तारेचे वेटोळे असते आणि जमिनीशी पक्क्या केलेल्या पेटीत लोहचुंबक. पेटी हलते, वजन मागे राहते, आणि दोहोंमधल्या या हालचालीने वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. फॅरेडेने १८३१ साली लंडनला दाखवलेले तत्त्व ते हेच. रशियातल्या गोलित्सिनने १९०६ साली ते भूकंपमापकात आणले.

सायकलचा डायनॅमो पाहा. वेग वाढला की दिवा लख्ख, सायकल थांबली की अंधार. वेटोळे वेग सांगते, जागा सांगत नाही. शिक्षकबंधूंनी वर्गात गॅल्व्हानोमीटरला वेटोळे जोडावे आणि त्यात चुंबक झरकन घालावा, काटा उडेल. चुंबक आत तसाच राहू द्यावा. काटा शून्यावर येईल. पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा मुलांना हे अधिक पटते.

मग भिंतीतल्या तड्याचे काय? तो वर्षभरात केसभर रुंदावणार. एवढ्या संथ चालीपुढे आपला डायनॅमो मुकाच! तिथे एका नळीवर तीन वेटोळी शेजारी-शेजारी बसवतात. मधल्यात सतत दिशा पालटणारी वीज सोडली, की तिच्यामुळे दोन्ही कडेच्या वेटोळ्यांत वीज येते. नळीच्या आत लोखंडी दांडी असते. ती बरोबर मध्ये असली म्हणजे दोन्हीकडची वीज सारखी. ही दोन वेटोळी एकमेकांविरुद्ध जोडलेली, म्हणून वजाबाकी शून्य. तराजूची पारडी जणू समतोल. आता नळी तड्याच्या एका अंगाला आणि दांडी दुसऱ्या अंगाला बसवा. तडा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका उघडला तरी पारडे झुकते, आणि झुकलेलेच राहते. सहा महिन्यांनी येऊन पाहिले तरी आकडा जागेवर असतो.

मात्र ऊन-थंडीने काँक्रीटही फुगते-आकसते, बरे का. म्हणून जाणता इंजिनियर एका दिवसाच्या आकड्याने घाबरत नाही. यंदाच्या उन्हाळ्याचा आकडा तो मागल्या उन्हाळ्याच्या आकड्याशी ताडून पाहतो.