काळें दिसणारें फुप्फुस

क्ष-किरणांनीं घेतलेलें छातीचें चित्र हातीं आलें कीं घरांतील मंडळी तें उजेडासमोर धरून पाहूं लागतात. पांढरा डाग दिसला तर सर्वांच्या काळजांत धस्स होतें. एक फुप्फुस दुसऱ्याहून अधिक काळें असलें तर तें बहुधा कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. लहान मुलाच्या बाबतींत ह्या काळेपणाची उपेक्षा महागांत पडते.

१८९५ सालीं राँटगेन यांनीं शोधिलेले हे किरण हाडांत अडतात, म्हणून हाड पांढरें उमटतें. हवेंतून ते सहज पार होतात, म्हणून हवा काळी. तेव्हां काळ्या बाजूस किरणांना अडथळा कमी झाला, एवढेंच चित्रावरून ठरतें. रोगी किंचित् वळून उभा राहिला तरी असें होतें. कर्करोगामुळें एक स्तन काढावा लागलेल्या स्त्रीचें त्या बाजूचें फुप्फुस निरोगी असूनही काळें दिसतें. फुप्फुसास छिद्र पडून छातीच्या पोकळींत हवा साठली, तर त्या काळ्या भागांत रक्तवाहिन्यांच्या रेषाही दिसत नाहींत. तो प्रसंग तांतडीचा.

परंतु ज्या घरांत दोन-तीन वर्षांचें मूल आहे, त्या घरानें जाणावयाचें कारण निराळेंच आहे, आणि तें म्हणजे शेंगदाणा. मूल दाणे तोंडांत घेऊन हंसतें, धांवतें, आणि एखादा दाणा श्वासनलिकेंत उतरतो. थोडा वेळ खोकून मूल शांत होतें व घरचीं माणसें तो प्रसंग विसरतात. दाणा मात्र तेथेंच असतो. श्वास घेतांना नलिका रुंदावते व हवा दाण्याच्या कडेनें आंत शिरते. सोडतांना ती आकुंचन पावते व दाणा बुचासारखा बसतो. हवा कोंडत जाऊन तें फुप्फुस फुगतें आणि काळें दिसतें. दाणा स्वतः चित्रांत दिसत नाहीं! म्हणून जाणते डॉक्टर श्वास सोडल्यावरचें दुसरें चित्र मागतात. त्यांत निरोगी फुप्फुस लहान व फिकें होतें, कोंडलेलें तसेंच काळें राहतें आणि हृदय विरुद्ध बाजूस सरकतें. लहान मुलास हुकूम करून श्वास सोडवितां येत नाहीं (येथें वडीलधाऱ्यांचा सर्व अधिकार संपतो!), म्हणून त्यास आळीपाळीनें एकेका कुशीवर निजवूनही चित्र घेतात.

चित्र निर्दोष आलें तरी दाणा नाहीं असें सिद्ध होत नाहीं. संशय बळकट असेल तर दुर्बीण घालून नलिका पाहणें हाच उपाय. १८९७ सालीं जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें गुस्टाव किलिआन यांनीं श्वासनलिकेंत अडकलेला हाडाचा तुकडा नळीवाटे बाहेर काढला, तेव्हांपासून हा मार्ग खुला आहे. डॉक्टरांस त्या मार्गाकडे नेणारी गोष्ट पुष्कळदां आईची वा आजीचीच आठवण असते: "पंधरा दिवसांमागें चिवडा खातांना बाळाला जोराचा ठसका लागला होता." ती आठवण कोणी सांगत नाहीं, तोंवर खोकल्याच्या बाटल्या बदलत राहतात, आणि इकडे दाण्याच्या तेलानें नलिकेस सूज चढत जाते.