व्यायाम आणि त्वचा

व्यायामाने स्नायू बळकट होतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याचा परिणाम त्वचेवरही होतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्वचेचे मुख्य थर दोन : वरची बाह्यत्वचा आणि तिच्याखालची अंतस्त्वचा. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात; तिचे पोषण मुख्यत्वे अंतस्त्वचेतील रक्तावर अवलंबून असते.

माणूस धावू लागला म्हणजे आरंभी रक्त स्नायूंकडे वळते. परंतु स्नायूंत उत्पन्न होणारी उष्णता बाहेर टाकणे लवकरच आवश्यक होते. तेव्हा त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. विश्रांतीच्या वेळी त्वचेतून मिनिटाला सुमारे पाव लिटर रक्त वाहते. व्यायामात ते प्रमाण कित्येक पटींनी वाढते. त्याच वेळी लक्षावधी घर्मग्रंथी पाझरू लागतात आणि घाम वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो. घामावाटे शरीरातील विष निघून जाते, ही समजूत मात्र खरी नव्हे. घाम म्हणजे मुख्यतः पाणी व मीठ. त्याज्य द्रव्यांचा निचरा करणे हे यकृताचे व मूत्रपिंडांचे काम होय.

उतारवयात अंतस्त्वचा पातळ होते आणि जखमा सावकाश भरतात. या बाबतीत व्यायामाचा उपयोग होतो काय? २००५ साली अमेरिकेतील संशोधकांनी ५५ ते ७७ वर्षे वयाच्या २८ निरोगी व्यक्तींवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येकाच्या दंडावर एक लहानशी जखम मुद्दाम करण्यात आली होती. नियमित व्यायाम करणाऱ्यांची जखम सरासरी सुमारे २९ दिवसांत भरली; इतरांस सुमारे ३९ दिवस लागले. पुढे २०१५ साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी बैठी राहणी असलेल्या वृद्धांकडून तीन महिने व्यायाम करविला. त्यानंतर तपासलेल्या त्वचेच्या नमुन्यांत कोलॅजन या प्रथिनाचे प्रमाण वाढलेले आढळले. व्यायाम करणाऱ्या स्नायूंतून रक्तात येणारे 'इंटरल्यूकिन-१५' हे द्रव्य या बदलास साहाय्यक होत असावे, असे त्यांचे अनुमान आहे. हे प्रयोग थोड्या व्यक्तींवर झालेले असल्याने त्यांवरून अंतिम सिद्धांत मांडता येत नाही. तथापि त्यांची दिशा स्पष्ट आहे.

लाभाबरोबर काळजीही घ्यावयास हवी. घामाने भिजलेले कपडे तसेच अंगावर ठेवल्यास जांघेत व काखेत गजकर्णासारखे बुरशीजन्य रोग बळावतात. म्हणून व्यायामानंतर स्नान करून अंग कोरडे करावे. प्रखर उन्हातील व्यायाम टाळावा, कारण सूर्यकिरणांतील जंबुपार किरण कोलॅजनचा नाश करतात. मधुमेही व्यक्तींच्या पायांची संवेदना पुष्कळदा मंदावलेली असते. अशांनी योग्य मापाची पादत्राणे वापरावीत आणि चालून आल्यावर तळपाय व बोटांमधील जागा रोज पाहावी. दुर्लक्षित राहिलेला एक लहानसा फोडही पाय गमावण्यास कारण होऊ शकतो. वेळीच दिसला, तर त्यावर उपचार करता येतात.