आधी मूल मोजा, मग खोली

अवंतीच्या वराहमिहिराने सहाव्या शतकात लिहिलेल्या 'बृहत्संहिते'त पलंगाची मापं दिली आहेत. राजाचा पलंग 100 अंगुळं, राजपुत्राचा 90, मंत्र्याचा 84, सेनापतीचा 78 आणि पुरोहिताचा 72. आठ जव शेजारी शेजारी ठेवले की एक अंगुळ. त्याच्या उज्जैनपासून देवास तासाभराच्या अंतरावर आहे. पुढे अकराव्या शतकात धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या वास्तुग्रंथातही शयन आणि आसन यांच्या लक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहे. म्हणजे बसण्या-झोपण्याच्या वस्तू मोजूनमापून करण्याची माळव्याची परंपरा जुनी आहे. वराहमिहिराची मापं मात्र हुद्द्यावरून ठरलेली होती. राजपुत्र पाच वर्षांचा असो की पंचवीस, पलंग 90 अंगुळांचाच.

आज धार-देवासकडच्या मराठी घरांत मुलासाठी वेगळी खोली करायची पद्धत रुजते आहे, आणि तिथेही मूल मोजलं जात नाही. गुलाबी भिंती, मोटारीच्या आकाराचा पलंग, भिंतीत कायमचं ठोकलेलं टेबल असा सगळा थाट मूल तीन वर्षांचं असताना होतो. सहाव्या वर्षी पलंग आखूड वाटू लागतो, बाराव्या वर्षी टेबलाखाली गुडघे मावत नाहीत.

वाढीचा वेग सारखा नसतो, हे यामागचं मूळ कारण आहे. बाळ जन्मतं तेव्हा साधारण 50 सेंटिमीटर लांब असतं. पहिल्या वर्षात ते सुमारे 25 सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षात 10 ते 12, आणि चौथ्या वर्षाच्या सुमारास जन्माच्या दुप्पट होतं. मग शाळेच्या वयात वेग मंदावतो, वर्षाला 5 ते 6 सेंटिमीटर. वयात येताना पुन्हा उसळी येते. ऐन भरात मुली वर्षाला 8 सेंटिमीटरच्या आसपास वाढतात, मुलगे 9 ते 10. मुलींची उसळी सुमारे दोन वर्षं आधी येते, म्हणून भाऊ-बहीण एकाच टेबलावर अभ्यास करत असतील तर त्यांची गरज एकाच वेळी बदलत नाही.

शरीराचे सगळे भागही एकाच वेळी वाढत नाहीत. वयात येताना आधी पावलं वाढतात, मग पाय, आणि धड सगळ्यांत शेवटी. घरातल्या मोठ्यांना चपलेचा नंबर बदललेला दिसतो. त्यापाठोपाठ खुर्चीही लहान पडणार, हे लक्षात येत नाही. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढं असतं, मोठ्या माणसाचं सातव्या-आठव्या. लहान मूल वरच्या बाजूला जड असतं, म्हणून ते खिडकीतून किंवा कठड्यावरून वाकलं की तोल जायला वेळ लागत नाही. खोलीच्या सजावटीआधी खिडकीचे गज आणि त्यांच्यातलं अंतर पाहायला हवं, ते यासाठी.

आता खुर्चीचं गणित. बैठकीची उंची म्हणजे जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतचं अंतर. ते ढोबळमानाने उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढं भरतं. 115 सेंटिमीटरच्या सहा वर्षांच्या मुलाला 29-30 सेंटिमीटरची बैठक हवी. घरातली नेहमीची खुर्ची 45 सेंटिमीटरची असते. तिच्यावर बसलेल्या मुलाचे पाय लोंबकळतात, बैठकीची कड मांडीखाली रुतते, पायांना मुंग्या येतात आणि मूल चुळबुळ करतं. मग 'एका जागी बसत नाही' म्हणून ओरडा खातं. नॉर्वेच्या पीटर ऑप्सविक या रचनाकाराने आपल्या मुलाची हीच अडचण पाहून 1972 मध्ये 'ट्रिप ट्रॅप' खुर्ची केली. तिच्या दोन उभ्या पट्ट्यांना खाचा आहेत. बैठकीची फळी आणि पाय टेकवायची फळी हव्या त्या खाचेत सरकवायची. सरकवता येणाऱ्या फळ्यांचं हे तत्त्व आपला कोणताही चांगला सुतार सागाच्या किंवा शिसवाच्या लाकडात साधू शकेल. वराहमिहिराने पलंगासाठी चांगली म्हणून सांगितलेल्या झाडांत ही दोन्ही आहेत.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती आपली जमिनीवरची बैठक. मांडी घालून बसलं की पायांची लांबी हिशेबातून निघून जाते. उरतं ते बुडापासून कोपरापर्यंतचं अंतर. सहा वर्षांच्या मुलात ते सोळा-सतरा सेंटिमीटर असतं, मोठ्या माणसात बावीस-तेवीस. सगळ्या बालपणात फरक जेमतेम सहा सेंटिमीटरचा! खुर्चीची बैठक मात्र तेवढ्याच काळात बारा-चौदा सेंटिमीटर चढवावी लागते आणि टेबल त्याहून अधिक. चटई आणि पायाखाली ठोकळे देता येतील असं बैठं टेबल, एवढ्यावर कितीतरी वर्षं निघतात. टेबलाखाली मांडी सहज मावली पाहिजे, एवढंच पाहायचं.

मुलांच्या मापाचं फर्निचर ही कल्पना जगभर पोचवली मारिया मॉन्टेसरींनी. 1907 मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत त्यांनी बालगृह काढलं, तिथे मुलांना स्वतः उचलता येतील अशा हलक्या खुर्च्या-टेबलं होती. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला ते तत्त्व घेतलं, महागडी साधनं मात्र बाजूला ठेवली. बिया, शंखशिंपले, माती अशा आसपासच्या वस्तू मुलांच्या हाती दिल्या आणि शाळा वस्तीच्या अंगणात नेली. खोली करताना त्यांचा धडा घ्यायचा तो असा: वस्तू मुलाच्या हाताला येईल इतकी खाली आणि त्याला सरकवता येईल इतकी हलकी असावी. कपड्यांची खुंटी त्याच्या खांद्याच्या उंचीवर ठोका; दर दोन वर्षांनी ती वर न्या.

माळव्याच्या हवेचाही खोलीच्या रचनेत वाटा आहे. समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीचं हे पठार. हवा कोरडी असली की जमीन रात्री झपाट्याने निवते, म्हणून उन्हाळ्यातही इथली रात्र सुखाची. नऊ इंची विटेची भिंत मात्र दिवसाची उष्णता सहा-आठ तास उशिरा आत सोडते. दुपारी चारला तापलेली पश्चिमेची भिंत रात्री दहा-अकराला, नेमकी मूल झोपायच्या वेळी, गरम श्वास टाकत असते. पलंग तिथून हलवा आणि रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघडा. थंडीत उलटं: लहान मुलाचं वजन कमी आणि त्या मानाने त्वचेचं क्षेत्र जास्त, त्यामुळे ते लवकर गारठतं; तेव्हा तीच उबदार भिंत बरी. पलंग भिंतीत पक्का बसवला तर ऋतूप्रमाणे हलवणार कसा?

जागा वाचवायला दोन मजली पलंग घेतात. वरचा मजला पाच फुटांवर असेल आणि त्यावर मूल बसलं तर डोकं साडेसात फुटांवर जातं. हात वर केला की दहा फुटी छताला लटकणाऱ्या पंख्याची पाती. परदेशी चित्रांत छताला पंखा नसतो. आपल्याकडे असा पलंग पंख्यापासून दूर, कोपऱ्यातच हवा, आणि सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये. उंच कपाट भिंतीला स्क्रूने आवळायलाच हवं. मूल खण उघडून त्यावर चढतं आणि कपाट अंगावर येतं.

रंगाचंही सांगायला हवं. घरगुती रंगांतलं शिसं दहा लाख भागांत 90 पेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. धारच्या जुन्या वाड्यांतल्या दारं-खिडक्यांवर त्याआधीच्या रंगांचे थरावर थर असतात. ते कोरडे घासले की शिसं धुळीत उतरतं आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातावाटे पोटात जातं. म्हणून ओलं करूनच खरवडावं, आणि त्या दिवसांत मुलाला घरात ठेवू नये.

वयात आलेल्या मुलाच्या खोलीत सगळ्यांत आधी बदलायचा तो उजेड. या वयात झोप आणणारं मेलॅटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. मूल उशिरापर्यंत जागतं ते केवळ हट्टाने नव्हे. त्याला आठ ते दहा तास झोप लागते, आणि शाळा तर सकाळी लवकर. टेबलापाशी पिवळसर, मंद दिवा, मोबाइल चार्ज करायची जागा खोलीबाहेर आणि सकाळी ऊन आत येईल अशी खिडकी, या तीन गोष्टींनी त्याची झोपेची वेळ थोडी तरी अलीकडे सरकते.

तेव्हा खोलीत कायमचं करा ते इतकंच: मजबूत भिंती, चांगली खिडकी, पुरेसे प्लग. बाकी सगळं नट-बोल्टावर सोडा. आणि सुताराला बोलावण्याआधी मुलाला अनवाणी, पाय जमिनीला टेकतील असं बसवून गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत टेप लावा. तो आकडा सुताराला द्या, आणि दर वाढदिवसाला पुन्हा मोजा.